जुनी एमजी विकायची म्हणजे नक्की काय काय करायचं?

एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर हेक्टर येते. आजचा विषय तिची आजी: एमजी टीसी. दोन सीट, लांब बॉनेट, 19 इंची तारांची चाकं. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1945 ते 1949 मध्ये साधारण दहा हजार बनल्या. त्यातली एक आमच्या शाहूपुरीत, मामाच्या शेडमध्ये उभी आहे. मामा गेल्या वर्षी वारले आणि मामींना ती विकायची आहे. धाकटीच्या शिक्षणाचे पैसे भरायचेत, दुसरं काही कारण नाही.

घरात आयटीवाला मी एकटाच, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडे आली. एक दलाल येऊन गेला होता. म्हणाला, "वहिनी, अडीच लाख रोख देतो, टीटी फॉर्मवर सह्या करा, बाकी आमचं आम्ही बघतो." मामी मला म्हणाल्या, "गाडी गेली तर जाऊ दे रे, पण कुणी फसवून नेऊ नये."

त्या एका वाक्यात दलालाच्या तीन भानगडी आहेत बघा.

पहिली, मामींची सही चालतच नाही. आरसी मामांच्या नावावर. मालक वारला की आधी वारसाच्या नावावर गाडी चढते, त्यासाठी फॉर्म 31. नियमात मुदत तीन महिन्यांची आहे, ती आमची उलटून गेलीय, त्यामुळे दंड भरून काम होईल. इतर वारसांची, म्हणजे दोन्ही मुलांची, संमती लागते. गाडी मामींच्या नावावर आली की मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30.

दुसरी, "आमचं आम्ही बघतो". ही सगळ्यात धोक्याची. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यातली गाडी एकामागून एक हातात फिरली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या माणसावर आली. म्हणजे गाडी तुमच्या दारातून गेली, पण एमएच-09 च्या दप्तरात नाव तुमचंच राहिलं, तर डोक्याला ताप तुम्हालाच. जुनी स्कूटर विकतानाही हे लक्षात ठेवा.

तिसरी, रोख. दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यानं घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला!

आता टॅक्स. स्वतःच्या वापरातली गाडी विकून नफा झाला तर सहसा कॅपिटल गेन लागत नाही. पण मुंबईच्या एका करदात्यानं 1931 ची फोर्ड टूरर 1983 मध्ये वीस हजाराला घेतली आणि पुढे एकवीस लाखांना विकली. मुंबई उच्च न्यायालयानं 2025 मध्ये टॅक्सच्या बाजूनं निकाल दिला. कारण? गाडी वापरता येण्यासारखी होती एवढं पुरेसं नाही, खरंच वापरली याचा पुरावा हवा. म्हणून मी आता मामांचे फोटो गोळा करतोय: पन्हाळ्याला जाताना, रंकाळ्यावर, भाच्याच्या वरातीत. विम्याच्या पावत्या, मेस्त्रींची बिलं, सगळं. फोटो काढताना मामांना वाटलं नसेल की ते आयकर खात्याला दाखवायचेत.

पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीही आहे. नव्यानं नोंदणी केली तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आम्ही जुनाच ठेवणार. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या कामाला मात्र वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर.

आणि किंमत? ती 'अस्सलपणा'वर ठरते. टीसीचा चासी नंबर 0251 पासून सुरू होतो, कारण म्हणे कारखान्याचा फोन नंबर 251 होता. चासीवरचा नंबर आरसीशी जुळला पाहिजे. बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा, म्हणजे क्रिकेटचे स्टंप बनतात ते लाकूड. आमच्या पावसात ते कुजतं, म्हणून दाराच्या बिजागऱ्या हलवून बघायच्या. इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची! आठ एमएमच्या आट्याचा पिच एक एमएम. बाजारातला साधा बोल्ट सव्वाचा. तो कुणी जोर लावून बसवला की ब्लॉकचे आटे गेलेच. उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी हे बोल्ट लेथवर करून दिलेत, त्यांची बिलं फाईलला लावलीत. जाणकार गिऱ्हाईक आधी तीच मागतं.

दलालाला नको म्हणून कळवलंय. पुण्याचे एक गृहस्थ बघून गेले, पाना घेऊन गाडीखाली झोपले होते अर्धा तास. त्यांना सांगितलंय, आधी फॉर्म 31 होऊ दे, मग भाव बोलू, पैसे बँकेतून. चाकांचे नट काढायचा मामांचा तांब्याचा हातोडा गाडीबरोबर द्यायचा का, यावर घरात अजून वाद चालू आहे.