विश्लेषण : पेशव्यांचे पुणे इंग्रजांनी जिंकले दोन आठवड्यांत, पचवायला किती वर्षे लागली?

पुण्यात बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबागवाड्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू दिसते. दुसऱ्या बाजीरावाचा हा आवडता वाडा. पेशवाई बुडून चार वर्षेही झाली नव्हती, तोच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी इंग्रजांनी येथे पाठशाळा उघडली. मात्र तेथे शिकवले जाणार होते ते इंग्रजी नव्हे, तर न्याय, व्याकरण, वेदान्त, ज्योतिष. जिंकलेल्या राजधानीत जेत्याने शत्रूच्याच वाड्यात शास्त्रीपंडितांना का बसवावे?

लढाई कधी हरली?

तारीख सांगायची तर ५ नोव्हेंबर १८१७. त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि खडकीच्या मैदानात बापू गोखल्यांचे सैन्य इंग्रजांवर चालून गेले. इंग्रजांकडे जेमतेम २,८०० माणसे, मराठ्यांकडे त्याच्या कितीतरी पट. तरी निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. पुढे येरवड्याजवळ पुन्हा चकमक झाली, पेशवा शहर सोडून निघाला आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. ते चढवण्यात पुढाकार बाळाजीपंत नातूंचा होता, हे पुणेकर आजही विसरलेले नाहीत.

खरे तर पेशवाईचे स्वातंत्र्य १५ वर्षे आधीच गहाण पडले होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला तेथेच तैनाती फौजेचा तह करून बसला. फौज इंग्रजांची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख पेशव्याचा! जून १८१७च्या पुणे तहाने मराठी मंडळाचे प्रमुखपदही काढून घेतले. खडकीला तोफा धडाडल्या तेव्हा वाचवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

मुलूख पचवण्याची रीत कोणती?

एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात रेसिडेंट होता. माणसे, घराणी, हेवेदावे त्याला तोंडपाठ. पेशवा अजून रानोमाळ पळत असतानाच, ११ फेब्रुवारी १८१८ रोजी त्याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला: धर्मात ढवळाढवळ होणार नाही, वतने आणि इनामे चालू राहतील. ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यांना बाजीरावाच्या मागे जाण्याचे कारणच उरले नाही. लढाईपेक्षा या कागदाने जास्त काम केले, असे म्हणायला जागा आहे.

शिवाय सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांना गादी मिळाली. पेशव्याच्या वरचा धनी आपल्या हाती ठेवला की पेशवाई संपली तरी राज्य बुडाले असे रयतेला वाटत नाही, हा हिशोब होता. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमला शरण आला आणि वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेला. गावात मात्र पाटील तोच, कुलकर्णी तोच. ब्राह्मणांची दक्षिणाही एकदम बंद न करता कमी करत नेली आणि तिचाच काही पैसा पाठशाळेकडे वळवला.

चीनमध्येही हेच घडले होते?

दोन हजार वर्षांपूर्वी हान सम्राट वू याने दक्षिणेकडचे नानयुए राज्य इ.स.पू. १११ मध्ये बुडवले आणि त्याचे थेट नऊ जिल्हे केले. शेजारच्या, आजच्या युन्नानमधील दियेन राज्याशी वागण्याची तऱ्हा मात्र निराळी होती. तेथील राजा इ.स.पू. १०९ मध्ये शरण आला, तेव्हा त्याला राजपद आणि सोन्याची मुद्रा दिली. शेजारी साम्राज्याचा जिल्हाही बसवला. ही मुद्रा १९५६ मध्ये एका थडग्यात सापडली. नानयुएच्या जागी पुणे आणि दियेनच्या जागी सातारा ठेवून पाहिले तर साम्य डोळ्यांत भरते. तुलना अर्थात येथेच थांबते: हानांचे लोक दक्षिणेत वस्ती करून राहिले, इंग्रज कॅम्पात राहिले.

आश्वासनांचे पुढे काय झाले?

साताऱ्याची गादी ३० वर्षे टिकली. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले. त्यांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये वारले, तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. बाजीराव १८५१ मध्ये गेल्यावर दत्तक पुत्र नानासाहेबांचे पेन्शन बंद झाले. त्याचा जाब १८५७ मध्ये कानपूरने विचारला.

इनामांची गोष्ट अधिक बोचरी. जाहीरनाम्याला ३४ वर्षे होताच १८५२चा कायदा आला आणि इनाम कमिशन घरोघरच्या सनदा तपासू लागले. पुरावा कुठला? पेशव्यांचेच दप्तर! इंग्रजांनी जपून ठेवलेल्या मोडी कागदांशी सनद जुळली नाही, की जमिनीवर सारा बसे. आज इतिहास संशोधक पुण्याच्या पुराभिलेखागारात ज्या रुमालांवर झुकून बसतात, ते आधी असे वापरले गेले.

पाठशाळाही बदलत गेली. इंग्रजी आले, १८५१ मध्ये पूना कॉलेज झाले, तेच पुढे डेक्कन कॉलेज. दक्षिणेच्या पैशातून मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. शास्त्र्यांच्या मुलांना आता नोकरीसाठी इंग्रजी हवे होते.

ज्यांच्याकडे ना सनद होती ना शास्त्र, त्यांना कोणी विचारले नाही. गडकोटांची राखण करणाऱ्या रामोशांचे हक्क नव्या राज्यात गेले आणि पुरंदरच्या मुलखात उमाजी नाईक उभा राहिला. त्याला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीच्या आवारात त्याचे स्मारक आहे. विश्रामबागवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.