नोंद क्रमांक चार

संसदेत तुरुंगांविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे वाचायचा मला नाद आहे. घरात त्याची थट्टा होते आणि ती रास्त आहे. गर्दी किती, कच्चे कैदी किती, बंदी मेले किती, खासदाराने काहीही विचारलेले असो, गृह मंत्रालयाचे उत्तर पूजेआधी संकल्प सोडावा तसे एकाच पालुपदाने सुरू होते: संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीच्या नोंद 4 प्रमाणे कारागृहे आणि तेथील बंदी हा राज्यांचा विषय आहे. मग राज्यांना धाडलेल्या सूचनापत्रांची यादी, शेवटी राज्यवार तक्ता. झाले.

1894 चा कारागृह कायदा, 1919-20 ची कार्ड्यू समिती, 1935 च्या कायद्याने प्रांतांकडे गेलेले तुरुंग, हा इतिहास इथे उगाळत नाही. एक गंमत मात्र सांगतो. समवर्ती सूचीतलीही चौथीच नोंद कैद्यांची आहे, पण ती त्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवण्याविषयी. म्हणजे बराकीत बसलेला कैदी राज्याचा आणि गाडीत घालून त्याला सीमेपलीकडे न्यायचे ठरले की केंद्र आणि राज्य दोघांचा.

हे पालुपद आजवर कुणीच मोडायला का धजले नाही, याचा माग काढता काढता मी एका शायरापाशी पोचलो.

आनंद नारायण मुल्ला. आडनावावरून फसू नये. हे लखनौचे काश्मिरी पंडित, जन्म 1901 चा. वडील जगत नारायण मुल्ला नामांकित वकील. जालियनवाला बागेची चौकशी करणाऱ्या हंटर समितीत मुंबईच्या चिमणलाल सेटलवाडांच्या बरोबरीने बसून इंग्रज सदस्यांहून वेगळा अहवाल देणारे ते, आणि पुढे काकोरी खटल्यात सरकारची बाजू मांडणारेही तेच. 1927 च्या डिसेंबरात बिस्मिल, अशफाकउल्ला, रोशन सिंह आणि राजेंद्र लाहिरी असे चौघे चार तुरुंगांत फासावर गेले, तेव्हा मुलगा सव्वीस वर्षांचा होता. त्या घरात जेवणाच्या वेळी काय बोलणे झाले असेल, याचा विचार मी उगाचच बरेचदा केला आहे.

मुलगाही वकील झाला, पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाचा न्यायाधीश. जोडीला शायरी होतीच, आणि तीही हौशी नव्हे: 1964 चा उर्दूचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. एक वेळ धर्म सोडेन, पण उर्दू सोडणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. फाळणीनंतरच्या उत्तर प्रदेशात हे बोलायला छाती लागत असे.

1961 मध्ये त्यांच्यापुढे एक फौजदारी प्रकरण आले. पोलिसांनी पुरावा रचल्याचे त्यांचे मत झाले. असे मत होणारे न्यायाधीश पुष्कळ असतात; ते दोन कडक ओळी लिहितात आणि पुढच्या कागदाकडे वळतात. मुल्लांनी मात्र लिहिले की, साऱ्या देशात कायदा न मानणारी एकही टोळी अशी नाही, जिच्या गुन्ह्यांची नोंद भारतीय पोलीस दल नावाच्या संघटित टोळीच्या नोंदीच्या जवळपास जाईल. राज्य सरकार हादरले. शेरे काढून टाका म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1963 मध्ये ते काढले गेले. न्यायाधीशाला मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, पण एका खटल्यावरून साऱ्या दलाला असे लेबल लावणे समर्थनीय नाही, असा एकूण सूर होता. मला तो निकाल पटतो आणि मुल्लांचा संतापही पटतो. पण शेरे वगळायचे तर कोणते वगळायचे ते नमूद करणे भागच होते. त्यामुळे मुल्लांचे वाक्य सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात जसेच्या तसे उतरले, आणि आज साठ वर्षांनीही वकील, पत्रकार, निवृत्त पोलीस अधिकारीसुद्धा ते उद्धृत करतात.

1967 मध्ये हे गृहस्थ लखनौमधून अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आले, 1972 ते 1978 राज्यसभेत होते. न्यायाधीश, कवी आणि दोन्ही सभागृहांचा अनुभव असलेला खासदार. 1980 मध्ये केंद्र सरकारने तुरुंग सुधारणेसाठी अखिल भारतीय समिती नेमली आणि अध्यक्षपद त्यांना दिले. बिहारमधले कच्चे कैदी संभाव्य शिक्षेहूनही अधिक काळ खितपत पडल्याचे हुसेनआरा खातून प्रकरणातून नुकतेच उघड झाले होते.

31 मार्च 1983 रोजी अहवाल सादर झाला. शिफारशी सहाशेहून अधिक. माझ्या मते घात तिथेच झाला. सहाशेंतल्या पाचशे सोप्या असतात. भांडी, कपडे, रंगरंगोटी. त्यांच्यापुढे 'अंमलबजावणी सुरू' असे लिहून अवघड शिफारशी खुशाल बाजूला ठेवता येतात. अवघड होत्या त्या अशा: तुरुंग हा विषय समवर्ती सूचीत आणा, कायमस्वरूपी राष्ट्रीय कारागृह आयोग नेमा, तुरुंगांसाठी वेगळी अखिल भारतीय सेवा उभारा, आणि पत्रकारांना, सामान्य लोकांना अधूनमधून आत येऊ द्या. चाळीस वर्षे उलटली, पण तुरुंग समवर्ती सूचीत आले नाहीत, आयोग नेमला गेला नाही, सेवा उभी राहिली नाही. ज्या माणसाचे वगळलेले वाक्य अजून जिवंत आहे, त्याचा स्वीकारलेला अहवाल कपाटात गेला.

पत्रकारांविषयीच्या शिफारशीपाशी मी नेहमी थबकतो. कारण अहवालाच्या सहाच आठवडे आधी, 15 फेब्रुवारी 1983 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल दिला होता. पत्रकार बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा महिला बंद्यांशी बोलून न्यायालयाला पत्र लिहिले. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. त्या एका पत्रामुळे महाराष्ट्रातल्या कोठड्यांसाठी नियम ठरले. महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, हा त्यांतलाच एक.

संसदेनेही मध्ये मध्ये डोळे उघडले, नाही असे नाही. सप्टेंबर 2023 मध्ये गृह खात्याच्या स्थायी समितीने तुरुंगांवरचा 245 वा अहवाल मांडला. अध्यक्ष होते ब्रिजलाल, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. मुल्लांनी ज्या दलावर ताशेरे ओढले, त्याचा प्रमुख राहिलेल्या माणसाने तुरुंगांची तपासणी करावी, या योगायोगावर मुल्लांनी बहुधा एखादा शेर लिहिला असता. अहवाल वाईट नाही. गर्दी, रिकामी पदे, जामिनाला पैसे नसलेले गरीब, सगळे त्यात आहे. कच्च्या कैद्यांच्या पायात माग काढणारे कडे घालावे आणि त्यांना बाहेर सोडावे, हा ओडिशाचा प्रयोगही आहे. फक्त समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

सरकारचा प्राधान्यक्रम पाहायचा तर भाषणे सोडून रकमा पाहाव्या. 2002-03 मध्ये सुरू झालेली आधुनिकीकरण योजना 1,800 कोटींची होती, तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा. पैसा नवे तुरुंग, बराकी आणि कर्मचाऱ्यांची घरे यांवर गेला. 2021 ते 2026 या काळासाठीची योजना 950 कोटींची, आणि भर सुरक्षा उपकरणांवर: धातुशोधक, स्कॅनर, जॅमर. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी 2023 मध्ये योजना आली ती वर्षाला 20 कोटींची. जामिनासाठी तेव्हा माणशी कमाल 40,000 रुपये होते. सगळ्यांना कमाल रक्कम लागली असती तर 5,000 जण सुटले असते. 2022 च्या अखेरीस देशातले कच्चे कैदी होते 4,34,302. एकूण बंदी 5,73,220, जागा 4,36,266 जणांची. म्हणजे कच्चे कैदी वगळले तर देशातले तुरुंग दोन तृतीयांश ओस पडतील. सरकार मात्र जॅमर घेत आहे.

आणि राज्यांचा विषय असल्याने केंद्राचे हात बांधलेले असतात, हे तरी खरे का? एप्रिल 2022 मध्ये संसदेने दोन दिवसांच्या अंतराने दोन्ही सभागृहांत एक कायदा मंजूर केला. अटक झालेल्यांची आणि कैद्यांची बोटे, तळवे, बुबुळे यांची मोजमापे घ्यायची आणि 75 वर्षे जपायची. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, तेव्हा घटनेत ते बसते. कैद्याचे बुबुळ मोजायला दिल्लीला वाट सापडते, त्याच्या बराकीकडे जायला सापडत नाही.

तोवर पाहण्याचे काम पुन्हा मुंबईनेच केले. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामे शोधून काढली: झाडलोट कोणत्या जातीने करायची, स्वयंपाक कोणी. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. केंद्राने राज्यांना पाठवलेल्या 2023 च्या आदर्श कायद्यात जातिभेदाला मनाई नव्हती, हेही न्यायालयानेच दाखवून दिले. ज्या वर्षी स्थायी समिती तुरुंगांवर लिहीत होती, त्याच वर्षीचा हा मसुदा.

मुल्ला 1997 मध्ये गेले.

दिवाळीनंतर हिवाळी अधिवेशन. तुमचा खासदार पत्रांना उत्तर देणाऱ्यांपैकी असेल, तर त्याला एक तारांकित प्रश्न टाकायला सांगा. कैदी किती, हे विचारू नका म्हणावे, तक्ता मिळेल. तुरुंग समवर्ती सूचीत आणण्याची 1983 ची शिफारस सरकारने नाकारली आहे का, नाकारली असल्यास कोणत्या तारखेला, एवढेच विचारा. उत्तर आले की मला जरूर पाठवा. पहिले वाक्य मी वगळून वाचेन.