कॉलेजात घेतलं खरं, पण पदवीपर्यंत नेतील का?

सावळघाटात रेंज गेली आणि एपिसोड अर्धवट राहिला, असं ज्यांच्या बाबतीत झालं त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त माझं "म्हणजे काय होतं" थोडं कमी केलंय.

बारावीचा निकाल लागला की पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातून एकच प्रश्न येतो, "दादा, कुठलं कॉलेज चांगलं?" मी उलटा प्रश्न विचारतो, कुणासाठी चांगलं? पुण्यातल्या डॉक्टरांच्या मुलासाठी जे चांगलं, ते कोकणा, वारली किंवा महादेव कोळी घरातल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी चांगलं असेलच असं नाही. इमारत तीच, शिक्षक तेच. पण एक वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतो आणि दुसरी दुसऱ्या सेमिस्टरला गावी परत येते. परत आलेल्या मुलीला सगळे म्हणतात, "तिला झेपलं नाही." कॉलेजला कुणी काही विचारत नाही.

आज आपण कॉलेजला विचारायचं.

आधी एक चक्कर अमेरिकेची

तिकडे हिस्पॅनिक समाज, म्हणजे ज्यांची मुळं मेक्सिको, पोर्तो रिको अशा स्पॅनिश बोलणाऱ्या भागांत आहेत, तो मोठा आहे. ज्या कॉलेजात पदवीचे 25 टक्के किंवा त्याहून जास्त विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत, त्याला कायद्यात वेगळा दर्जा आहे आणि त्यावर सरकारी निधी द्यायची तरतूद कायद्यात आहे. अशी सहाशेच्या आसपास कॉलेजं आहेत. नाव भारी, "हिस्पॅनिक सर्व्हिंग", म्हणजे हिस्पॅनिकांची सेवा करणारी. पण 25 टक्के मोजले जातात ते प्रवेश घेतलेले. त्यातले किती पदवीपर्यंत पोचले, यावर हा दर्जा ठरत नाही. म्हणून तिथल्याच एका संस्थेने, एक्सेलेन्सिया इन एज्युकेशनने, 2019 पासून वेगळी मोहोर द्यायला सुरुवात केली. ती देताना विद्यार्थी पुढे सरकतात का, हे बघतात.

आता हे आपल्याकडे लावा. राज्यात अनुसूचित जमातींना 7 टक्के आरक्षण आहे, केंद्राच्या संस्थांत 7.5 टक्के. राज्यातल्या 60 जणांच्या वर्गात कोट्यातून चार जण. पेठमध्ये डांग सेवा मंडळाचं दादासाहेब बिडकर महाविद्यालय आहे, तिथे आजूबाजूला सगळी आपल्याच भागातली पोरं. एकीकडे वर्गात चारच जण, दुसरीकडे वर्ग भरून आपले. पण दोन्हीकडे प्रश्न एकच. आत गेले किती ते कळलं, वेळेत बाहेर किती आले?

पहिला प्रश्न: किती गेले, किती वेळेत निघाले?

समजा दोन कॉलेजं आहेत. हे आकडे फक्त उदाहरणासाठी. अ कॉलेजात आपले 20 विद्यार्थी गेले आणि 8 वेळेत पास झाले. ब कॉलेजात 10 गेले आणि 8 पास झाले. जाहिरातीत अ कॉलेज मोठं दिसेल, कारण तिथे "20 आदिवासी विद्यार्थी" आहेत. पण अ मध्ये पार होण्याची शक्यता 40 टक्के आणि ब मध्ये 80 टक्के. एक काळजी घ्या, साधारण सारख्या कटऑफची कॉलेजंच एकमेकांशी ताडून बघा. नाहीतर फार वरच्या कटऑफचं कॉलेज आपोआपच चांगलं दिसतं.

हे आकडे मोबाईलवर कुठे मिळतात? जी कॉलेजं एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेतात, त्यांना आपली माहिती स्वतःच्या वेबसाईटवर टाकावी लागते. कॉलेजचं नाव आणि "एनआयआरएफ डेटा" असं सर्च करा, पीडीएफ मिळेल. त्यात ठरलेल्या वर्षांत पदवी घेतलेल्यांचा रकाना असतो. किती जणांची फी सरकारने भरली आणि किती जणांची कॉलेजने स्वतःच्या पैशातून भरली, हेही असतं. यातला दुसरा आकडा जरूर बघा. शून्य असेल तर अडचणीत कॉलेज खिशात हात घालत नाही, एवढं कळतं.

पण या पीडीएफमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी एकत्र मोजलेले असतात, आणि पास झालेल्यांचा आकडा तर सगळ्या वर्गाचा असतो. आपला आकडा त्यात विरघळून जातो. नॅकच्या अहवालात राखीव जागा किती भरल्या ते असतं, पण तेही प्रवेशाचंच.

मग काय करायचं? माहितीचा अधिकार. 2005 चा कायदा, अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. सरकारी आणि अनुदानित कॉलेजला साध्या मराठीत विचारा, "2020 साली अनुसूचित जमातीच्या किती विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि त्यातल्या किती जणांनी ठरलेल्या मुदतीत पदवी घेतली?" कुणाचं नाव मागायचं नाही, फक्त आकडे. हा अर्ज बारावीच्या दिवाळीत टाका. निकालानंतर टाकलात तर उत्तर येईपर्यंत प्रवेश संपलेले असतील.

दुसरा प्रश्न: प्रवेशाच्या दिवशी किती पैसे लागतील?

पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण फी आणि परीक्षा फी. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर. कागदावर सगळं छान आहे. प्रश्न येतो तो काउंटरवर. "आत्ता पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ," असं ऐकलं की बाप सावकाराकडे जातो किंवा बैल विकतो. पात्र विद्यार्थ्यांकडून अशी फी आधी घेऊ नये, अशा सूचना सरकारने वेळोवेळी दिल्या आहेत. म्हणून जायच्या आधी फोन करा आणि विचारा, "एसटी कॅटेगरीला प्रवेशाच्या दिवशी नेमके किती रुपये लागतात? डिपॉझिट किती? शिष्यवृत्ती उशिरा आली तर परीक्षेचा फॉर्म अडवता का?" उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचंही उत्तर मिळालंच समजा.

आणि हो, जात वैधता. व्यावसायिक कोर्सला राखीव जागा हवी तर ती लागतेच. अकरावीतच अर्ज करा. एसटीने नाशिकला जाऊन एसटीची वैधता काढायची, हा जोक आपण सगळ्यांनी केलाय. जूनमध्ये मात्र तो जोक राहत नाही.

तिसरा प्रश्न: पहिले दोन महिने राहणार कुठे?

पेठहून नाशिक पन्नासेक किलोमीटर, मध्ये घाट आणि जुलैचा पाऊस. रोज जाऊन-येऊन इंजिनिअरिंग होत नाही. शासकीय आदिवासी वसतिगृह आहे, आणि तिथे नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. यात राहण्या-जेवण्याचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. रक्कम शहराप्रमाणे बदलते. पण कॉलेज आधी सुरू होतं आणि यादी नंतर लागते. मधल्या काळात मुलं नातेवाइकाच्या एका खोलीत पाच जण राहतात आणि पहिली युनिट टेस्ट तिथेच जाते.

खात्यात पैसे आले म्हणजे ताटात जेवण आलं, असंही नाही. वसतिगृहातली मेस बंद करून पैसे खात्यात द्यायचं धोरण आलं तेव्हा, जुलै 2018 मध्ये, आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले होते. म्हणून कॉलेजला विचारा, स्वतःचं होस्टेल आहे का, यादी लागेपर्यंत तात्पुरतं राहू देता का, मेसचे पैसे महिन्याने घेता की वर्षाचे एकदम?

चौथा प्रश्न: पहिल्या सेमिस्टरला हात कोण देणार?

घरात कोकणी, शाळेत मराठी, आणि कॉलेजात पहिल्या दिवसापासून इंग्रजी. गणित येत असतं, प्रश्न कळत नसतो. एआयसीटीईने 2021-22 पासून प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंगला परवानगी दिली, आणि मराठीतली पुस्तकं ई-कुंभ पोर्टलवर फुकट आहेत. पूर्ण कोर्स इंग्रजीतच करायचा असेल तरी ती पुस्तकं शेजारी ठेवा. कॉलेजला विचारा, नापास विषयांसाठी जादा तास घेता का? आणि कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते? ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, त्याचं कोडिंग या एका उत्तरावर ठरतं. मी या क्षेत्रात काम करतो म्हणून हे ठासून सांगतो.

पाचवा प्रश्न: कुणी जातीवरून बोललं तर जायचं कुणाकडे?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. जळगाव जिल्ह्यातल्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. मे 2019 मध्ये त्यांनी जीव दिला. सीनिअर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि गुन्हा दाखल झाला. पुढे त्यांच्या आईने रोहित वेमुलाच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी काय होती? यूजीसीचे 2012 चे समतेचे नियम नीट पाळले जावेत. त्या नियमांप्रमाणे कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा. त्याचं नाव आणि नंबर वेबसाईटवर आहे का, बघा. नसेल तर ऑफिसात विचारा. "असं काही आमच्याकडे होतच नाही" हे उत्तर मिळालं तर सावध व्हा. जिथे काही होत नाही, तिथेही नंबर लावलेला असतो.

शेवटचं

एका वहीत तीन-चार कॉलेजांची नावं लिहा, समोर हे पाच प्रश्न, आणि मिळेल तसं उत्तर भरत जा. सगळ्यात भरवशाची माहिती मात्र त्या कॉलेजात सध्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली आपल्या भागातली मुलं देतील. त्यांना "कॉलेज कसंय?" असं विचारू नका, "मस्त आहे" म्हणतील. विचारा, "तुमच्याबरोबर आपल्याकडचे किती जण आले होते, आणि आत्ता किती उरलेत?"

जिथे या प्रश्नाचं उत्तर चांगलं असेल, ते कॉलेज नावाने थोडं लहान असलं तरी ऑप्शन फॉर्ममध्ये वर ठेवा. आणि हा एपिसोड बारावीतल्या नाही, अकरावीतल्या भावा-बहिणीला पाठवा. त्यांच्याकडे अजून वेळ आहे.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!