पासबुकावरचे नाव

भाईजानच्या इंतकालानंतर कपाटात शिक्षक पतपेढीचे पासबुक सापडले. नॉमिनी अम्मी, लग्नाआधी भरलेले नाव, पुढे बदललेच नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला दिला. पतपेढीने आधी कर्जबाकी वळती केली. ते रास्तच, शरीयतही कफन-दफन, कर्ज, वसीयत यांनंतरच वाटणी सांगते. उरलेला चेक अम्मीच्या नावे निघाला. भाभी गप्प. आम्ही घरात समजावले, नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हेच सांगितले. भाभीला आठवा हिस्सा, अम्मीला सहावा, बाकीचे मुलाला दोन, मुलीला एक. अम्मीने आपला हिस्सा नातवंडांच्या फीसाठी दिला. त्या रात्री आम्ही आमचे पासबुक काढले. नॉमिनी : मरहूम अब्बा.