गाडी उभी असताना बॅटरी मरते

कॅराव्हॅन बांधून घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसी रात्रभर चालेल ना? दुसरा: बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची) टाकू? गिऱ्हाईक पुण्याजवळच्या ताथवड्याचं असेल तर या दोन्हींआधी त्यालाच एक प्रश्न विचारायला हवा. सोमवार ते शुक्रवार गाडी कुठे उभी राहणार?

हिंजवडीत नोकरी, मुलांची शाळा, शनिवार-रविवारी जमलं तर तारकर्ली नाहीतर महाबळेश्वर. अशा घरातली गाडी बहुतेक वर्ष उभीच असते. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली उंच गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरत नाही, म्हणून बाहेर रस्त्याकडेला उन्हात तापते. ईकोसारखी छोटी व्हॅन बेसमेंटमध्ये मावते, पण तिथे टपावरच्या सोलर पॅनलला सूर्य दिसत नाही. एका जागी उष्णता मारते, दुसऱ्या जागी उपासमार. बॅटरी कोणती घ्यायची, ते इथेच निम्मं ठरतं.

इंजिन सुरू करणारी बॅटरी या कामाची नव्हे. तिच्यात पातळ प्लेट्स दाटीने बसवलेल्या असतात. काही सेकंद जबरदस्त करंट द्यायचा आणि पुन्हा भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. रात्रभर पंखा आणि फ्रिज तिच्यावर ठेवले तर ती थोड्याच दिवसांत बसते, आणि सकाळी गाडीही सुरू होत नाही. म्हणून ‘घराची’ बॅटरी वेगळी हवी.

मग आपल्याकडचा माणूस सवयीने ट्यूब्युलर शिशाच्या बॅटरीकडे वळतो. साहजिक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या उद्योगांनी स्वतःच्या जनरेटरची वीज देऊन शहराचं भारनियमन टाळायचं, हे ‘पुणे मॉडेल’ २००६ मध्ये आलं. त्याआधीच्या भारनियमनात घराघरात इन्व्हर्टर आणि त्याखाली ती उंच, जड बॅटरी आली होती. शिवाय एक्साइडचा कारखाना चिंचवडलाच. हा माल इथे कोणाला नवा नाही.

घरात ट्यूब्युलर उत्तम. ती एका जागी उभी असते आणि महावितरणची वीज तिला दिवसभर सावकाश भरत राहते. गाडीत ही दोन्ही सुखं नाहीत. १५० एएचची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोंची, घाटात हिंदकळणार, चार्ज होताना हायड्रोजन सोडणार. लोक झोपतात त्या बंद डब्यात ती ठेवणं मला तरी पटत नाही; ठेवायचीच तर सीलबंद पेटीत आणि गॅस थेट बाहेर काढणारी नळी लावून. पण तिचं खरं दुखणं भरण्यात आहे. शिशाची बॅटरी पहिले ऐंशी टक्के बऱ्यापैकी वेगाने भरते आणि उरलेल्या वीसला कित्येक तास घेते. महाबळेश्वरपर्यंतच्या तीन-साडेतीन तासांत ती पूर्ण भरत नाही. रविवारी रात्री अर्धवट भरलेली गाडी बेसमेंटमध्ये लागते, पुढचा आठवडाभर प्लेट्सवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात, आणि वर्षभरात मालक म्हणतो, ‘फार वापरलीच नाही हो, तरी चार्जिंग धरत नाही.’ वापरली नाही म्हणूनच धरत नाही! एजीएम ही सीलबंद शिशाची बॅटरी सांडत नाही, पाणी मागत नाही. हा रोग मात्र तिलाही तसाच.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, इथे बाजी मारते ती याच कारणाने. अर्धवट भरून ठेवली तर तिचं बिघडत नाही, उलट तिला तेच मानवतं. या रसायनाचा मूळ निबंध १९९७ चा. टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यावर पाधी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. १०० एएचची एलएफपी बारा-तेरा किलोंची असते आणि तिच्यातली ऐंशी-नव्वद टक्के वीज बिनधास्त वापरता येते. शिशाची मात्र निम्म्याखाली उतरवू नये. त्यामुळे १५० एएचची ट्यूब्युलर प्रत्यक्षात ७५ एएचचीच धरायची.

आता हिशेब. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा आणि निम्मा वेळ चालणारा धरला तर दिवसाला ५४० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे नऊ तास, ३६०. दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल, लॅपटॉप मिळून २०० धरा. एकूण ११००. १०० एएचची एलएफपी, म्हणजे १२८० वॅट-तास, एवढ्यात जेमतेम भागते. एक टनाचा एसी रात्रभर चालवायचा तर चार-पाच हजार वॅट-तास त्याचेच. सह्याद्रीत हिवाळ्यात फिरणाऱ्याने त्यासाठी चौपट बॅटरी का वाहून न्यावी?

स्वयंपाकाचं थोडं वेगळं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवड्यात टँकरमधून बेकायदा सिलिंडर भरताना स्फोट झाले आणि शेजारी उभ्या शाळेच्या बस जळाल्या. ते पाहिलेल्यांना गाडीत गॅस नको वाटला तर समजू शकतो. इंडक्शनवर पंधरा मिनिटांच्या पोह्यांना ५०० वॅट-तास लागतात, एसीच्या मानाने ते परवडतात, फक्त १०० एएचपेक्षा मोठी बॅटरी हवी. मात्र २००० वॅट बारा व्होल्टवर ओढायचे तर इन्व्हर्टरची घट धरून १८० अँपिअरच्या वर करंट जातो. त्याला पन्नास ते सत्तर चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज. हौशी जोडणीत फ्यूज हमखास दूर इन्व्हर्टरजवळ बसवलेला दिसतो. मधली केबल घासली तर तो काहीच वाचवत नाही.

लिथियमला थेट अल्टरनेटरवर जोडू नये. तिचा अंतर्गत विरोध इतका कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवायचा. तीस अँपिअरचा असेल तर तीन तासांत नव्वद एएचच्या आसपास भरून निघतात. जुना ट्यूब्युलरचा चार्जरही तिला लावू नका. व्होल्टेजची सेटिंग्ज वेगळी असतात.

आणि सेल कुठून आले ते विचारा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या दुचाकी पेटल्या, त्यानंतर एआयएस-१५६ हे वाहनांच्या बॅटरीचं मानक कडक झालं. पण गाडीतल्या पंखे-फ्रिजसाठी सुटी घेतलेली बॅटरी त्या चाचणीतून गेलेली असेलच असं नाही. ‘२०० एएच’ लिहिलेला पॅक १०० एएचच्या किमतीत मिळत असेल तर आत जुने काढलेले सेल असण्याची शक्यता मोठी. बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, कोणता, प्रत्येक सेलचा व्होल्टेज दिसतो का, वॉरंटी कागदावर आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

देखभालीतला मोठा चोर म्हणजे रिकामा चालू राहिलेला इन्व्हर्टर. काहीही न चालवता तो वीस वॅट खात असेल तर दिवसाला ४८०. तिसऱ्या दिवशी १०० एएचची लिथियम आडवी. रविवारी रात्री गाडी लावताना मेन आयसोलेटर बंद करायचा. लिथियम निम्म्याच्या थोडी वर ठेवायची, उन्हातल्या गाडीत तर पूर्ण भरून मुळीच नाही. महिन्यातून एकदा १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत भरायची, म्हणजे सेल एकमेकांशी जुळतात. व्होल्टमीटरवर विसंबू नका: चाळीस टक्के वीज संपली तरी काटा तेराच्या वरच रेंगाळतो. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, शंट लावलेला मीटर घ्या. स्पितीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं.

ट्यूब्युलरच ठेवली असेल तर बेसमेंटमध्ये चार्जिंग पॉइंट मिळवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यासाठी सोसायटीच्या कमिटीशी जे काही बोलावं लागेल ते बोला. पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही, एसीतून ठिबकलेलंही नाही. उन्हात उभ्या गाडीत तापमान दहा अंशांनी चढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, तेव्हा तिची जागा टपाखाली नको, फरशीलगत हवी.

शेवटी भंगार. शिशाच्या बॅटरीला दुकानदार वजनावर पैसे वजा करून देतो. लिथियमला तो हात लावत नाही. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनी दोन्ही प्रकारच्या जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नवा पॅक घेतानाच परत कुठे द्यायचा ते बिलावर लिहून घ्या.