सलाईनची बाटलीच नव्हे, मुलाचा हातही पाहा

मूल रुग्णालयात असले की उशाशी बसलेल्या आईचे डोळे सलाईनच्या बाटलीवर खिळलेले असतात. बाटली संपली तर शिरेत हवा जाईल, ही तिची धास्ती. बाटली संपत आली की सिस्टरला सांगायला हवेच. पण त्रास बहुतेक वेळा बाटलीत नव्हे, तर चिकटपट्टीखाली झाकलेल्या इवल्याशा हातात सुरू होतो.

भिलाई-३ मधील पालकांना मुलाचे दुखणे वाढले की भिलाईच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय, दुर्ग किंवा २०१२ साली सुरू झालेले रायपूरचे एम्स गाठता येते. रुग्णालय कोणतेही असो, काही गोष्टी आईवडिलांना ठाऊक असलेल्या बऱ्या.

सुई नव्हे, नळी

शिरेत राहते ती सुई नसते. सुई लगेच काढून घेतात आणि मऊ प्लॅस्टिकची नळी आत ठेवतात. डॉक्टर तिला कॅन्यूला म्हणतात, वॉर्डात तिचे नाव ‘इंट्राकॅथ’. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डेव्हिड मासा यांनी १९५० मध्ये अशी नळी वापरात आणली. तान्ह्या मुलांना बहुधा पिवळ्या टोपणाची २४ नंबरची नळी लावतात. नंबर वाढतो तशी नळी बारीक होत जाते.

काय बिघडते?

मुलांच्या शिरा बारीक आणि नाजूक. त्यात मूल हात झटकते, पट्टी ओढते. नळी शिरेबाहेर सरकली की औषध आजूबाजूच्या मांसात उतरते. हात सुजतो, ताणला जातो, गार लागतो. साधे सलाईन असेल तर सूज बहुधा ओसरते. मात्र कॅल्शियम, पोटॅशियम किंवा फिटचे फेनिटॉइन यांसारखी औषधे बाहेर पडली, तर कातडी भाजल्यासारखी जळू शकते. क्वचित कातडी बसवण्याची शस्त्रक्रियाही करावी लागते. शीर सुजली तर तिच्या रेषेत लाली येते, जागा गरम लागते आणि दुखते. पू दिसला किंवा नव्याने ताप आला, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी.

पंपाने औषध चालू असेल तर त्याच्या घंटीवर विसंबू नये. नळी सरकल्यावरही पंप औषध ढकलत राहू शकतो.

दर तासाला तीन गोष्टी

पाहा, हात लावा आणि दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. नळीची जागा कोरडी, मऊ आणि दुसऱ्या हातासारखीच असायला हवी. जागा दिसत नसेल, तर पट्टी सैल करून दाखवायला सिस्टरला सांगावे. तान्हे बाळ ‘दुखते’ म्हणत नाही. औषध सुरू होताच ते किंचाळू लागले, तर तेच त्याचे सांगणे समजावे.

दहा-बारा वर्षांपुढची मुले दुखणे लपवतात, कारण नळी पुन्हा टोचली जाईल ही भीती. त्यांना आपणहून विचारावे. या वयात मोठ्या शिरेत घातलेल्या लांब नळीमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही अधिक असतो. हात किंवा मान सुजली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

सूज दिसली तर

सिस्टरला बोलावून प्रवाह थांबवायला सांगावे. नळी स्वतः उपटू नये. आत उरलेले औषध कधीकधी तिच्यातूनच ओढून काढतात. चोळू नये. शेक किंवा बर्फ विचारल्याशिवाय लावू नये, कारण एका औषधाला शेक चालतो तर दुसऱ्याला गारवा. हात उशीवर उंच ठेवावा.

नळीला हात लावण्यापूर्वी सिस्टरने हात धुतले का, हे विचारण्यात संकोच नको. ‘नळीची अजून गरज आहे का?’ हेही रोज विचारावे. गरज संपलेली नळी काढलेलीच बरी.

‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ असा आग्रह तर धरूच नये. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. जुलाब झालेले मूल पीत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर ओआरएसचा पेला पुरतो. त्यासाठी हात टोचावा लागत नाही.