थरथरणारे चाक : मोटारीच्या कंपांचे निदान

कुंभकोणम् शहराला लागून दारासुरम् नावाचे गाव आहे. तेथील ऐरावतेश्वर मंदिराच्या मुखमंडपाला रथाचा आकार दिलेला असून त्याच्या जोत्यावर दगडी चाके कोरलेली आहेत. बाराव्या शतकात, दुसऱ्या राजराज चोळाच्या काळी घडविलेली ही चाके आजवर जागची हललेली नाहीत; म्हणून ती तोलात आहेत की नाहीत, हा प्रश्नही कधी कोणाला पडला नाही. चाकाचा दोष ते फिरू लागल्यावरच बोलू लागतो. मोटारगाडीत हे बोलणे प्रथम ऐकू येते ते कानांना नव्हे, तर सुकाणूचक्रावर, म्हणजे आपल्या नित्य परिचयाच्या स्टिअरिंगवर, ठेवलेल्या तळहातांना. ते बोलणे नीट समजून कसे घ्यावे, हे येथे पाहावयाचे आहे.

अशी कल्पना करू की, पावसाळा सरता सरता एक कुटुंब कुंभकोणमहून मोटारीने चेन्नईच्या वाटेला लागले आहे. दहाएक किलोमीटरवरचे चोळपुरम् मागे पडते. दोन्ही बाजूंस कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातखाचरे आहेत. रस्ता मोकळा मिळताच वेग वाढतो आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या सुमारास स्टिअरिंग हातात थरथरू लागते. समोर बैलगाडी दिसते म्हणून चालक ब्रेक दाबतो, तो ही थरथर शमण्याऐवजी दुणावते. पुढे अणैक्करै येथे कोळ्ळिडम् नदी ओलांडावयाची आहे. मागील आसनावर मुले आहेत. तसेच पुढे जावे, की येथेच थांबावे?

उत्तर अंदाजाने देता येत नाही. ‘गाडी थरथरते’ हे रोगाचे नाव नव्हे, ते केवळ लक्षण आहे. ‘ताप आला’ एवढ्यावरून वैद्य जसा औषध देत नाही, तसेच येथेही आहे. थरथर केव्हा येते, केव्हा जाते, आणि कोठे जाणवते, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात.

तीस ग्रॅमची करामत

पहिला प्रश्न असा की, ब्रेकला पाय न लावताही थरथर येते काय? येत असेल, आणि एका ठराविक वेगाच्या आसपासच येत असेल, तर चाकाचा तोल बिघडला असण्याचा संभव सर्वाधिक असतो.

चाकाच्या कडेशी एका जागी तीस ग्रॅम वजन अधिक आहे असे समजा. एवढे वजन चिमूटभर चिखलाचेही असू शकते. मध्यम आकाराच्या मोटारीचे चाक ताशी नव्वद किलोमीटर वेगाला सेकंदास सुमारे चौदा फेरे घेते. अक्षापासून अठरा सेंटिमीटर अंतरावर असलेले हे तीस ग्रॅम त्या वेगाला चाकास सुमारे चार किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात. आणि ही ओढ दर सेकंदास चौदा वेळा आपली दिशा फिरवते. हीच केंद्रोत्सारी प्रेरणा होय. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की ती चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे उपरोक्त उदाहरणात केवळ एक किलोग्रॅमइतकी राहते. गावातल्या गावात गाडी निर्दोष वाटते आणि हमरस्त्यावर मात्र थरथरते, याचे एक कारण हे.

दुसरे कारण अनुनादाचे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलका धक्का देत राहिले तरी तो उंच जातो. अवेळी दिलेले जोरकस धक्के व्यर्थ जातात. चाक, त्याचा आधार आणि सुकाणूची यंत्रणा यांचीही स्वतःची अशी लय असते, आणि ती बहुधा सेकंदास दहा ते वीस कंपांच्या दरम्यान पडते. चाकाच्या फेऱ्यांची संख्या या लयीशी जुळली की थरथर शिगेला पोचते. वेग आणखी वाढला की कित्येकदा ती कमीही होते. ‘ऐंशीला हलते, शंभरला हलत नाही’ ही चालकाची तक्रार म्हणूनच हास्यास्पद नाही. ती निदानाची उत्तम खूण आहे.

तथापि तोल बिघडला म्हणजे लगेच यंत्रावर चाक चढवावे असे नाही. प्रथम चाकाची आतील बाजू पाहावी. नदीकाठच्या प्रदेशातील चिकण माती रिमच्या आत बसून वाळली की दगडासारखी घट्ट होते. तोलासाठी लावलेला शिशाचा वा जस्ताचा तुकडा गळून पडला असल्यास त्याची जागा स्वच्छ डागासारखी दिसते. टायरला फुगवटा आला आहे काय, रिम खड्ड्यात आपटून वाकली आहे काय, हेही पाहावे. कारण जे चाक मुळात गोलच नाही, त्याला कितीही वजने लावली तरी त्याचे उसळणे थांबत नाही. आणि गाडी उभी असताना नुसते इंजिन चालवूनही थरथर येत असेल, तर चाकांना दोष देणे व्यर्थ आहे. तो दोष इंजिनाकडे किंवा त्याच्या आधारांकडे शोधावा.

तबकडी खरोखर वाकते काय?

आता दुसरा प्रश्न. ब्रेक दाबल्यावरच थरथर येते काय? येत असेल तर लक्ष ब्रेकच्या तबकडीकडे, म्हणजे डिस्ककडे, वळविले पाहिजे. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. स्टिअरिंग स्थिर राहून आसन आणि पायाखालची पट्टी हलत असेल तर मागच्या चाकांत. एक अपवाद मात्र ध्यानी ठेवावा. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला असता पायाखाली जलद ठोके जाणवले, तर ती चाक घसरू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेची क्रिया असते. तो दोष नव्हे, आणि त्या क्षणी पाय उचलू नये.

तबकडी दोन पॅडांच्या चिमट्यात धरून चाक थांबविण्याच्या युक्तीचे एकस्व इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. तिला कीर्ती लाभली ती पुढे १९५३ साली, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तबकड्यांचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारी विजयी झाल्या तेव्हा. या तबकडीवर पडणारा भार मोठा असतो. बाराशे किलोग्रॅमची गाडी ताशी नव्वद किलोमीटरवरून थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते ती लिटरभर थंड पाणी उकळीस आणण्यास पुरेशी असते. आणि ती सारी काही सेकंदांत ब्रेकांना पोटात घ्यावी लागते.

यावरून ‘तापून तबकडी वाकली’ असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तबकडी वाकलेली नसते, तर तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा, क्वचित त्याच्या दुप्पट, असला तरी हाताला जाणवतो. जाड भाग पॅडांमधून जाताना पकड वाढते, पातळ भाग जाताना ती सैलावते, आणि प्रत्येक फेऱ्यास एक हिसका बसतो. तापलेल्या तबकडीवर गाडी उभी करून ब्रेक दाबून धरल्यासही पॅडातील द्रव्याचा थर एका जागी चिकटतो आणि हाच परिणाम होतो.

येथे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. नवी तबकडी बसविल्यावर थरथर जाते. काही हजार किलोमीटर गाडी सुरळीत चालते. आणि मग थरथर परत येते. मालक तबकडीला दोष देतो, पुन्हा नवी घेतो, पुन्हा तेच. कारण कित्येकदा तबकडीच्या मागे दडलेले असते. ज्या तुंब्यावर, मिस्त्रींच्या भाषेत हबवर, ती बसते, तेथे गंजाचा कण राहिला असल्यास तबकडी किंचित तिरपी बसते. कण मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाचा असला, तरी तबकडीच्या कडेशी तिचे डोलणे त्याच्या सुमारे दुप्पट होते. अशी तबकडी ब्रेक न दाबताही दर फेऱ्यास पॅडाला त्याच जागी घासते आणि हळूहळू तेथेच झिजते. नव्या तबकडीने लक्षण झाकले, रोग तसाच राहिला. तुंबा घासून लख्ख करणे, डायल गेजने डोलणे मोजणे, आणि नट समोरासमोरचे घेत ठरलेल्या जोराने आवळणे, हा त्यावरील खरा उपाय होय.

थांबावे केव्हा?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. थरथर कोणत्याही वेगाला येते काय, दिवसागणिक वाढते काय, तिच्याबरोबर खडखडाट किंवा वळणावर घरघर ऐकू येते काय? असे असेल तर चाकाचे नट सैल झाले असतील, बेअरिंग झिजले असेल, किंवा सुकाणूचे सांधे ढिले पडले असतील. ही थरथर गैरसोयीची नव्हे, जिवाची गोष्ट आहे. नुकतेच पंक्चर काढून चाक चढविले असेल, तर पहिला संशय नटांचाच घ्यावा. अशा वेळी वेग हळूहळू कमी करून कडेला थांबावे आणि दोष सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

चोळपुरमच्या पुढे आपण सोडलेला चालक आता काय करील? तो कडेला थांबतो आणि पान्याने नट तपासतो. ते घट्ट आहेत. चाक न पकडता त्याच्या जवळ हात नेऊन पाहतो. कोणतेही एक चाक इतरांहून अधिक तापलेले नाही, म्हणजे ब्रेक अडकून राहिलेला नाही. डाव्या चाकाच्या आत वाळलेल्या चिखलाचा गठ्ठा मात्र आहे. तो तो काढतो. पुढे ऐंशीला स्टिअरिंग स्थिर राहते. परंतु ब्रेक दाबताच थरथर पुन्हा उमटते. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, आणि एकाने दुसऱ्याला झाकले होते. तो नदीच्या दिशेने जात नाही. गाडी वळवून, वेग कमी ठेवून, तो कुंभकोणमला परततो, आणि तेथील मिस्त्रीला ‘गाडी हलते’ असे न सांगता ‘ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलते, एरवी नाही, तबकडी काढाल तेव्हा मागचा तुंबाही पाहा’ असे सांगतो.

एवढ्या एका वाक्याने मिस्त्रीचे निम्मे काम झालेले असते.